कम्युनिटी कॉलेजमधला विद्यार्थी कोण? संशोधनाने काय मोजले आणि काय निसटले

फळाखडू

अमेरिकेतील कम्युनिटी कॉलेजांचा विषय मराठी मंडळींत निघाला की दोनच सूर ऐकू येतात. एक, पदवीची पहिली दोन वर्षे स्वस्तात उरकण्याची युक्ती. दुसरा, ज्यांना कुठेच प्रवेश मिळाला नाही त्यांची सोय. मी गेली बारा वर्षे मध्य-पश्चिमेतील अशाच एका कॉलेजात संध्याकाळचे गणिताचे वर्ग घेतो, तेही अर्धवेळ. (सरकारी दोन वर्षांच्या कॉलेजांतील सुमारे दोन तृतीयांश शिक्षक अर्धवेळच असतात. त्यावर स्वतंत्र धागा निघू शकेल, म्हणून इथे थांबतो.) या कॉलेजांवर गेल्या पंचवीस-तीस वर्षांत जे संशोधन झाले त्याने माझ्या स्वतःच्या काही ठाम समजुती मोडीत काढल्या, आणि त्यांविषयी इथल्या जाणकारांशी बोलावे म्हणून हा धागा काढत आहे.

पूर्वपीठिका थोडक्यात. १९०१ साली इलिनॉयमधील जोलिएट येथे शिकागो विद्यापीठाचे अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर आणि स्थानिक शाळाप्रमुख जे. स्टॅनली ब्राउन यांच्या पुढाकाराने हायस्कुलाला जोडूनच पदवीच्या पहिल्या दोन वर्षांचे वर्ग सुरू झाले. पहिल्या तुकडीत सहा विद्यार्थी होते. तेव्हाचे नाव ज्युनिअर कॉलेज. 'कम्युनिटी कॉलेज' हा शब्द सर्वत्र रूढ झाला तो १९४७ सालच्या ट्रुमन आयोगाच्या अहवालानंतर. आज देशात अशी सुमारे हजार कॉलेजे आहेत, त्यांपैकी ११६ एकट्या कॅलिफोर्नियात. प्रवेशाला गुणांची अट नाही, दार सर्वांना उघडे. जवळजवळ दोन तृतीयांश विद्यार्थी अर्धवेळ शिकतात, सरासरी वय सत्तावीस-अठ्ठावीसच्या आसपास आहे, आणि अलीकडे दर पाचांतील एक विद्यार्थी अजून हायस्कुलातच असतो व दोन्हीकडे एकाच वेळी शिकत असतो.

आता ज्या आकड्यावरून या कॉलेजांची सर्वाधिक निंदा होते त्याकडे वळू. १९९० च्या एका संघराज्य कायद्याने प्रत्येक कॉलेजला आपले किती विद्यार्थी पदवी घेऊन बाहेर पडतात हे जाहीर करणे बंधनकारक केले. दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाला तीन वर्षांची मुदत धरली, आणि मोजायचे कोणाला, तर जे आयुष्यात प्रथमच कॉलेजात येत आहेत आणि पूर्णवेळ नाव नोंदवत आहेत अशांनाच. म्हणजे बहुसंख्य विद्यार्थी मोजणीच्या बाहेर. शिवाय जो विद्यार्थी वर्षभर शिकून आमची पदवी न घेताच विद्यापीठात गेला, त्याची गणना 'पूर्ण न केलेला' अशी. २०१७ पासून अर्धवेळ आणि दुसरीकडून आलेल्या विद्यार्थ्यांना धरून आठ वर्षांपर्यंतचा मागोवा देणारा वेगळा तक्ता प्रसिद्ध होऊ लागला आहे, पण वर्तमानपत्रांत अजूनही जुनाच आकडा मिरवतो.

माझ्या वर्गातील एक विद्यार्थी सांगतो. बीजगणिताचा वर्ग रात्री ९:५० ला सुटत असे आणि हा गृहस्थ रोज ९:३० ला वही मिटून, खुर्चीचा आवाज होऊ न देता निघून जाई. अर्धे सत्र मी त्याला बेफिकीर समजत होतो आणि एकदा वर्गासमोर टोचूनही बोललो. पुढे कळले की त्याच्या वस्तीकडे जाणारी शेवटची बस ९:४० ला सुटते. ती चुकली तर गोदामातल्या पहाटेच्या पाळीआधी दीड तासाची पायपीट. वर्ग वीस मिनिटे अलीकडे घेण्याची विनंती मी कार्यालयाकडे केली, तेव्हा वेळापत्रक सत्राच्या मध्यात बदलता येत नाही असे उत्तर मिळाले. दोन सत्रांनंतर तो घराजवळच्या दुसऱ्या कॉलेजात गेला. आमच्या दप्तरी तो 'गळती'.

मात्र आकडा सदोष आहे म्हणून सारे आलबेल आहे असे मुळीच नाही. कम्युनिटी कॉलेजात येणाऱ्यांपैकी सुमारे ८० टक्के विद्यार्थी आपल्याला चार वर्षांची पदवी हवी आहे असे सांगतात. प्रत्यक्षात विद्यापीठात पोहोचतात साधारण एक तृतीयांश, आणि सहा वर्षांत ती पदवी हाती पडते ती शंभरांत १४ ते १६ जणांच्या. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील टीचर्स कॉलेजात १९९६ साली थॉमस बेली यांच्या नेतृत्वाखाली केवळ कम्युनिटी कॉलेजांच्या अभ्यासाला वाहिलेले केंद्र सुरू झाले. ही ८० आणि १५ मधली दरी कुठे आणि कशी पडते, हे त्या केंद्राने विद्यार्थ्यांच्या नोंदी सत्रागणिक तपासून शोधायला घेतले.

मला सर्वांत धक्का देणारा भाग उजळणीच्या वर्गांचा होता. पूर्वापार पद्धत अशी, की नवा विद्यार्थी आला की त्याची संगणकावर चाचणी घ्यायची आणि तो कच्चा निघाला तर त्याला एक, दोन किंवा तीन पायऱ्या खाली बसवायचे. या वर्गांची फी भरावी लागते, पण त्यांची क्रेडिट पदवीत धरली जात नाहीत. बेली, जिआँग आणि चो यांनी २०१० साली ५७ कॉलेजांतील अडीच लाखांहून अधिक विद्यार्थ्यांच्या नोंदी पाहिल्या. ज्यांना उजळणीला पाठवले त्यांपैकी सगळ्या पायऱ्या पूर्ण करणारे गणितात ३३ टक्के आणि वाचनात ४६ टक्के निघाले. सुमारे ३० टक्के विद्यार्थ्यांनी उजळणीच्या एकाही वर्गात नाव घातले नाही. आणि ज्याने माझी झोप उडवली तो निष्कर्ष हा, की नापास होऊन बाहेर पडणाऱ्यांपेक्षा पहिल्या किंवा पुढच्या पायरीत नावच न नोंदवणारे अधिक होते.

हे कसे घडते ते कागदावर मांडून पाहा. आकडे केवळ समजुतीसाठी घेतो. शंभर जणांना तीन पायऱ्या खाली पाठवले. सत्तरांनी नाव घातले. त्यांतले तीन चतुर्थांश उत्तीर्ण, म्हणजे ५२. त्यांपैकी ८० टक्के पुढच्या सत्रात परत आले, ४२. पुन्हा तीन चतुर्थांश उत्तीर्ण, ३१. परतले २५, उत्तीर्ण १९. प्रत्येक वर्गाचा निकाल ७५ टक्के. कोणताही शिक्षक आपल्या निकालावर समाधानी राहील, आणि मीही होतो. शंभरांतले ८१ मात्र पदवीच्या गणिताच्या पहिल्या तासाला पोहोचलेच नाहीत.

त्यात ती चाचणीसुद्धा फारशी भरवशाची नव्हती. ज्युडिथ स्कॉट-क्लेटन आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली दाखवले की गणितात दर चारांतील एक आणि इंग्रजीत दर तिघांतील एक परीक्षार्थी सपशेल चुकीच्या पातळीवर टाकला जात होता, आणि चूक बहुधा वरच्या पोराला खाली ढकलण्याची होती. हायस्कुलातील गुण पाहिले असते तर अंदाज अधिक बरोबर आला असता. ते गुण कॉलेजांच्या हाताशीच होते.

माझे म्हणणे एवढेच आहे की ज्याला आपण विद्यार्थ्याची कुवत म्हणत आलो त्यातला बराच भाग कॉलेजच्या रचनेचा दोष होता. आपली मते वाचायला आवडतील.

मोजपट्टी

धागा उत्तम, पण शेवटचे वाक्य पुराव्यापेक्षा दोन पावले पुढे गेले आहे. मी आकडेवारीच्या क्षेत्रात काम करतो, म्हणून थोडे खडूस वाटेल असे लिहितो.

उजळणीला पाठवलेले आणि न पाठवलेले यांची थेट तुलना करून काहीही सिद्ध होत नाही, कारण हे दोन गट मुळातच वेगळे. गळतीचे मोजमाप हे वर्णन झाले, कारण नव्हे. उजळणी नसती तर तेच विद्यार्थी पदवीच्या गणितात नापास होऊन गळले नसते कशावरून? याचे उत्तर चिठ्ठ्या टाकून केलेल्या प्रयोगातूनच मिळू शकते.

दुसरे, या विषयातील वाद फार जुना आहे आणि तो मूळ लेखात यायला हवा होता. समाजशास्त्रज्ञ बर्टन क्लार्क यांनी सॅन होजे येथील कॉलेजचा अभ्यास करून १९६० साली मांडले की मोठ्या महत्त्वाकांक्षा घेऊन आलेल्या विद्यार्थ्याला चाचण्या आणि समुपदेशनाच्या हळुवार मार्गाने खालच्या अभ्यासक्रमाकडे वळवायचे आणि शेवटी दोष त्याने स्वतःलाच द्यावा अशी तजवीज करायची, हे या संस्थांचे न बोललेले काम आहे. या प्रक्रियेसाठी त्यांनी 'थंड करणे' या अर्थाचा शब्द घेतला तो आर्व्हिंग गॉफमन यांच्याकडून, आणि गॉफमन यांनी तो उचलला होता ठकांच्या बोलीतून: लुबाडलेल्या गिऱ्हाइकाने बोंब मारू नये म्हणून टोळीतला एकजण मागे राहून त्याची समजूत काढतो, त्या कृतीचे ते नाव. समुपदेशकांना ही उपमा किती झोंबली असेल याची कल्पना करावी.

पुढे अर्थशास्त्रज्ञांनी हाच वाद मोजता येईल असा केला. सिसिलिया राउज यांनी १९९५ साली विचारलेला प्रश्न असा: कम्युनिटी कॉलेज जवळ असल्यामुळे जे एरवी शिकलेच नसते असे लोक शिकू लागतात, की जे एरवी थेट विद्यापीठात गेले असते ते इकडे वळून मागे पडतात? जॅक माउंटजॉय यांनी २०२२ साली टेक्ससच्या नोंदींवरून दिलेले उत्तर 'दोन्ही' असे आहे. जवळ कॉलेज असल्यामुळे तिथे ओढल्या गेलेल्यांपैकी साधारण दोन तृतीयांश एरवी कुठेच गेले नसते, आणि त्यांचा स्पष्ट फायदा झाला. उरलेले एक तृतीयांश विद्यापीठाऐवजी इकडे वळले आणि त्यांच्या हाती पदवी लागण्याची शक्यता घटली. त्यामुळे 'कम्युनिटी कॉलेज चांगले की वाईट' असा सवाल करणाऱ्याला आधी 'कोणासाठी' असे विचारावे लागते.

कृष्णाकाठ

मी संशोधक नाही, परंतु ती चाचणी दिलेली आहे म्हणून लिहिते.

सांगलीहून बी.कॉम. करून लग्नानंतर २००९ मध्ये इथे आले. व्हिसा एच-४, त्यामुळे नोकरी करता येत नव्हती. शिक्षणाला आडकाठी नव्हती. जवळच्या कॉलेजात अकाउंटिंगसाठी नाव घालायला गेले तर खिडकीवरच्या बाईंनी एक कागद दिला आणि 'त्या खोलीत जाऊन एवढे करून या' म्हणाल्या. मला वाटले एखादा फॉर्म असेल. खोलीत संगणक मांडलेले. कॅल्क्युलेटर नाही, मागच्या प्रश्नाकडे परत जाता येत नाही, आणि एक उत्तर चुकले की पुढचा प्रश्न सोपा येतो. त्या सोप्या होत जाणाऱ्या प्रश्नांत आपण हरतो आहोत, हे तेव्हा कळण्याची सोय नव्हती.

माझे शालेय शिक्षण मराठी माध्यमातले. लसावि, मसावि, त्रैराशिक, वर्गसमीकरणे सगळे झोपेत विचारले तरी येत होते. पण 'ग्रेटेस्ट कॉमन फॅक्टर' म्हणजे मसावि हे मला त्या दिवशी कोणी सांगितले नाही. 'स्लोप' म्हणजे रेषेचा चढ हेही घरी येऊन शब्दकोशात पाहिले. निकाल छापून हातात आला: गणितात दोन पायऱ्या खाली. दोन सत्रे, दोन्हींची फी, आणि जे गणित मी बाबांच्या दुकानात तोंडी करत असे ते शिकायला आठवड्यातून दोन संध्याकाळी. त्या वर्गात मला फक्त इंग्रजी शब्द शिकायचे होते, आणि ते एका रविवारी पाठ झाले असते. चाचणी पुन्हा देता येते का हे विचारण्याचे धाडस झाले नाही, आणि तिथल्या कोणी होऊन सांगितलेही नाही.

मी टिकले, कारण घरचा पगार चालू होता आणि मूल अजून झाले नव्हते. माझ्या शेजारी बसणारी मेक्सिकोची मैत्रीण दुसऱ्या सत्रात दिसली नाही. ती नापास झालेली नव्हती.

रोखठोक

सर्वांचे अनुभव आदराने वाचले, तरीही एक अप्रिय प्रश्न विचारतो. कॅलिफोर्नियाने २०१७ साली कायदा करून उजळणीचे वर्ग जवळजवळ मोडीत काढले, आणि २०२२ च्या पुढच्या कायद्याने उरलेली वाटही आवळली. फ्लोरिडाने त्याआधीच, २०१३ साली, हायस्कुलातून नुकत्याच आलेल्यांसाठी चाचणी आणि उजळणी ऐच्छिक केली होती. माझा मेहुणा कॅलिफोर्नियात एका कॉलेजात गणित शिकवतो. तो सांगतो की अपूर्णांकांची बेरीज न येणारी मुले आता सांख्यिकीच्या वर्गात येऊन बसतात आणि वर्गाचा निकाल घसरला आहे. ताप मोजणारा तापमापक फोडला म्हणजे ताप उतरत नाही. ज्याला पाया नाही त्याला थेट वरच्या मजल्यावर चढवणे ही दयाच आहे, पण क्रूर प्रकारची दया.

फळाखडू

मोजपट्टी, आपला आक्षेप मान्य. माझ्या मांडणीत वर्णन आणि कारण यांची सरमिसळ झाली होती. आपण मागता तसा प्रयोग झालेला आहे, आणि त्यातच रोखठोक यांच्या प्रश्नाचेही अर्धे उत्तर आहे.

न्यूयॉर्क शहर विद्यापीठाच्या तीन कम्युनिटी कॉलेजांत अलेक्झांड्रा लोग आणि सहकाऱ्यांनी उजळणीची गरज आहे असे ठरवलेले सुमारे नऊशे विद्यार्थी घेतले आणि ते कोणत्या वर्गात जातील हे केवळ चिठ्ठीवर सोडले. काही नेहमीच्या प्राथमिक बीजगणिताच्या उजळणीत गेले, आणि काहींना थेट पदवीच्या सांख्यिकीत बसवून त्याबरोबर आठवड्याला एक जादा सराव-तास दिला. २०१६ साली प्रसिद्ध झालेला निकाल: उजळणीत उत्तीर्ण झाले ३९ टक्के, सांख्यिकीत ५६ टक्के. हे दोन्ही गट सारख्याच कुवतीचे होते, कारण निवड नाण्याच्या छाप्या-काट्यासारखी झाली होती. ज्यांना 'पाया कच्चा' म्हणून आपण खाली ठेवतो ते वरच्या वर्गात, आधार दिला तर, अधिक प्रमाणात पास झाले.

रोखठोक, तुमच्या मेहुण्यांचे निरीक्षण मात्र खोटे नाही. कॅलिफोर्नियात पदवीच्या गणित-वर्गांचा उत्तीर्णतेचा टक्का खरोखरच घसरला. पूर्वी त्या वर्गात चाळणीतून आलेलेच बसत, आता सगळे बसतात, टक्का घसरणारच. पण जे पूर्वी त्या वर्गाचे दारही पाहत नसत त्यांना धरून हिशेब केला, तर पहिल्या वर्षात ते गणित पूर्ण करणाऱ्यांची संख्या लक्षणीय वाढली. शिक्षक वर्गात बसून टक्का पाहतो, आणि ज्या मुलांची नावे त्याच्या हजेरीपटावर कधी आलीच नव्हती ती त्याच्या टक्क्यात नसतात. मी स्वतः बारा वर्षे हेच केले.

जिथे मी तुमच्या बाजूला येतो तो मुद्दा वेगळा आहे. जे थेट वरच्या वर्गात जाऊन दोनदा-तीनदा नापास होतात त्यांच्यासाठी आता खाली वर्गच उरलेला नाही. माझ्या वर्गात असे चार-पाचजण दर सत्राला असतात. जादा सराव-तास कागदावर आहे, पण तो घ्यायला वेगळा शिक्षक नेमण्याची तरतूद नसेल तर तो मीच घेतो, त्याच थकलेल्या चेहऱ्याने. सुधारणा स्वस्तात उरकली की तिची अशी गत होते. न्यूयॉर्कच्या प्रयोगात तो तास खरोखर घेतला जात होता.

कृष्णाकाठ, लसावि-मसाविचा प्रसंग वाचून अस्वस्थ झालो. चाचणी घेणाऱ्या दोन प्रमुख संस्थांपैकी एकीने आपली चाचणी २०१६ साली बंद केली. त्याआधी माझ्या वर्गात असे कितीजण केवळ शब्दांमुळे बसले असतील, हे मी कधी विचारलेच नाही.

उंबरठा

आमचे उदाहरण पहिल्या सुराचे, म्हणजे 'स्वस्तात उरकण्याचे' आहे, त्यामुळे थोड्या संकोचाने लिहितो. आम्ही कॅलिफोर्नियात कुपर्टिनोजवळ राहतो. मुलाने हायस्कुलानंतर दोन वर्षे डी अँझा कॉलेजात काढली. राज्याच्या रहिवाशाला तिथली फी एका युनिटला (म्हणजे एका क्रेडिटला) ३१ डॉलर, २०१२ पासून तीच. नातेवाइकांत सांगताना आम्ही सुरुवातीला 'सध्या एका कॉलेजात जातो' एवढेच म्हणत असू. नाव घेत नसू. आज त्याची लाज वाटते.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सहा शाखा कम्युनिटी कॉलेजच्या विद्यार्थ्यांना ठरावीक विषय आणि गुण पूर्ण केल्यास प्रवेशाची लेखी हमी देतात: डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सँटा बार्बरा आणि सँटा क्रूझ. बर्कली, लॉस एंजेलिस आणि सॅन डिएगो यांची हमी नसते. कोणता विषय कुठे चालतो हे 'असिस्ट' नावाच्या राज्याच्या संकेतस्थळावर पाहावे लागते, आणि खरी मेख इथेच आहे. एकाच विषयाच्या पदवीसाठी डेव्हिसला जो भौतिकशास्त्राचा क्रम लागतो तो दुसरीकडे तसाच लागेल असे नाही. आमच्या घरी भिंतीवर मोठा तक्ता लावला होता, चार विद्यापीठे आणि प्रत्येक सत्राचे विषय, आणि त्याची आई दर रविवारी तो हिरव्या पेनाने तपासत असे. दोन इंजिनिअर पालक आणि इतका खटाटोप करूनही एक विषय वाया गेला. ज्याच्या घरी कोणी कॉलेजची पायरी चढलेली नाही त्याने हे एकट्याने कसे जमवायचे?

पाटीपुस्तक

उंबरठा यांच्या तक्त्यावरून एक गोष्ट सुचली. मी महाराष्ट्रात पॉलिटेक्निकमध्ये शिकवत होतो. आपल्याकडे डिप्लोमा झालेला विद्यार्थी इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जातो. त्याला कोणी 'तुझे उपयोजित यांत्रिकी आमच्याकडे चालणार नाही' असे विषयागणिक सांगत नाही. पहिले वर्ष एकगठ्ठा माफ होते, कारण राज्य तंत्रशिक्षण मंडळाचा अभ्यासक्रम बहुतेक सर्व पॉलिटेक्निकांना सारखा आहे आणि तो मान्य करायचा की नाही हे एकेका प्राध्यापकाच्या मर्जीवर सोडलेले नाही. त्या मुलांचे गणित कच्चे राहते आणि तिसऱ्या सत्रात त्यांची दमछाक होते, ही तक्रार आहेच. पण रस्ता तरी सरळ आहे. अमेरिकेत असा एकगठ्ठा रस्ता का नाही?

जाता जाता: आपल्या विद्यापीठ अनुदान आयोगानेही कम्युनिटी कॉलेज नावाची योजना आणली होती. त्याचा आणि या विषयाचा काही संबंध आहे का?

मोजपट्टी

पाटीपुस्तक यांच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर: नाव तेच, संस्था वेगळी. भारतात ही कल्पना नव्वदच्या दशकात चेन्नई-पुदुच्चेरीकडे रुजली, फादर झेवियर अल्फोन्स यांनी तिचा पुष्कळ प्रसार केला, आणि तिचा भर कौशल्य-प्रशिक्षणावर राहिला. विद्यापीठाकडे नेणारी शिडी हे तिचे मुख्य काम नव्हते, आणि या धाग्यातला सगळा वाद त्या शिडीचाच आहे.

पहिला प्रश्न मार्मिक आहे. असा रस्ता करण्याचा प्रयत्न कॅलिफोर्नियाने २०१० च्या कायद्याने केला: ठरावीक असोसिएट (दोन वर्षांची) पदवी घेतली की राज्य विद्यापीठाच्या व्यवस्थेत तिसऱ्या वर्षाला जागा निश्चित. पण ती राज्य विद्यापीठे वेगळी आणि उंबरठा यांनी लिहिलेले कॅलिफोर्निया विद्यापीठ वेगळे. दुसऱ्यावर हा कायदा तसाच लागू नाही. अमेरिकी काँग्रेसच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २०१७ साली अंदाज दिला की एका कॉलेजातून दुसऱ्यात जाणारे विद्यार्थी सरासरी ४३ टक्के क्रेडिट गमावतात. यात सर्व प्रकारचे स्थलांतर धरले आहे, सरकारीतून सरकारीत जाताना नुकसान कमी होते. तरीही आकडा डोळे पांढरे करणारा आहे. प्रत्येक विभागाला आपला विषय आपणच शिकवला पाहिजे असे वाटते, आणि त्यामागे विद्वत्तेइतकाच वर्ग भरण्याचा हिशेबही असतो.

रोखठोक

फळाखडू यांनी दिलेला सांख्यिकीचा प्रयोग शोधून वाचला. निकालावर माझा आक्षेप नाही. बीजगणित आणि सांख्यिकी या दोन वेगळ्या विषयांच्या उत्तीर्णतेची तुलना केली आहे, ही शंका मात्र राहते. परंतु वरच्या विषयात अधिक जण पास झाले हे नाकारता येत नाही. तेव्हा आता दुसरा प्रश्न. तुमच्या त्या ९:४० च्या बसवाल्या माणसाला सांख्यिकीत बसवले असते तरी बस चुकलीच असती. अभ्यासक्रम बदलून आयुष्य बदलते का?

फळाखडू

याच प्रश्नावर मला सर्वांत भक्कम वाटणारा अभ्यास आहे, आणि त्यात योगायोगाने बसही आहे.

न्यूयॉर्क शहर विद्यापीठाने २००७ साली 'एसॅप' नावाचा कार्यक्रम सुरू केला. विद्यार्थ्याने पूर्णवेळ शिकायचे. बदल्यात आर्थिक मदतीनंतर उरलेली फी माफ, पुस्तके फुकट, बस-भुयारी रेल्वेचा पास फुकट, आणि ठरलेला एकच सल्लागार. इतर विद्यार्थ्यांना सहाशे ते पंधराशे जणांमागे एक सल्लागार मिळे. इथे साठ-ऐंशी जणांमागे एक. पास हवा असेल तर सल्लागाराला नियमित भेटले पाहिजे, अशी अट. एमडीआरसी या संशोधन-संस्थेने ८९६ गरीब आणि उजळणीची गरज असलेले विद्यार्थी घेऊन चिठ्ठ्या टाकल्या. तीन वर्षांनी असोसिएट पदवी मिळालेले: नेहमीच्या गटात २२ टक्के, एसॅपमध्ये ४० टक्के. शिक्षणक्षेत्रातील प्रयोगांत दोन-चार टक्क्यांचा फरक आला तरी पेढे वाटतात, तिथे हे जवळजवळ दुप्पट. पुढे ओहायोतील तीन कॉलेजांनी तोच प्रयोग केला, तिथेही १९ च्या जागी ३५ टक्के.

खर्च दर विद्यार्थ्यामागे सुमारे ६० टक्के अधिक आला. पण पदव्या इतक्या वाढल्या की एका पदवीमागचा खर्च उलट कमी भरला. तरीही असे कार्यक्रम सगळीकडे का पसरले नाहीत, याचे कारण अंदाजपत्रक लिहिणारे जाणतात: अनुदान डोई मोजून मिळते, पदवी मोजून क्वचितच.

यातले नेमके कशाने काम केले हे प्रयोगातून वेगळे काढता येत नाही. सगळे एकत्रच दिले होते. सल्लागाराचा वाटा मोठा असावा असा माझा कयास आहे, कारण पंधराशे जणांमागे एक असलेल्या माणसाला ९:४० ची बस ठाऊक असण्याचे कारणच नाही. रोखठोक, तुमचा प्रश्न तरी उरतोच. एसॅपसाठी पूर्णवेळ नोंदणी लागते, आणि माझा विद्यार्थी पहाटे गोदामात जात होता. देशातील दोन तृतीयांश अर्धवेळ विद्यार्थ्यांसाठी इतके भक्कम उत्तर अजून माझ्या वाचनात आलेले नाही.

कृष्णाकाठ

एक शंका विचारते. मी २००९ ला नाव घातले, एका वेळी दोनच विषय घेत गेले, मध्ये बाळंतपणासाठी एक वर्ष थांबले आणि २०१५ मध्ये अकाउंटिंगची असोसिएट पदवी घेतली. आता कर-सल्लागाराच्या कार्यालयात काम करते. धाग्याच्या सुरुवातीला ज्या मोजणीविषयी लिहिले आहे त्यात मी कॉलेजच्या यशात धरले गेले का?

फळाखडू

जुन्या मोजणीत नाही; आणि अपयशातही नाही. आपण अर्धवेळ होता आणि सांगलीची पदवी आधीच हातात होती, त्यामुळे तीन वर्षांच्या त्या आकड्याच्या दृष्टीने आपण तिथे आलाच नव्हता. नव्या तक्त्यात मात्र 'अर्धवेळ, पूर्वी उच्च शिक्षण घेतलेले' असा एक रकाना असतो आणि प्रवेशानंतर आठ वर्षांनी त्याची नोंद होते. प्रवेशाच्या वेळी आपल्या फॉर्मवर 'पदवीसाठी' असे लिहिले असेल, तर २०१७-१८ च्या तक्त्यात त्या रकान्यात आपण एक आकडा म्हणून असाल. आपल्या शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीची नोंद त्याच पानावर शेवटच्या, 'पुढे काय झाले ठाऊक नाही' अशा रकान्यात असेल, आणि ती नापास झालेली नव्हती हे तिथे लिहिलेले नसेल.